अधिक माहितीसाठी संपर्क

“हसा की मावशी! दारात नळ आलाय आणि तोंड काय असं करून बसलाय?” फोटोग्राफर संपतने कॅमेरा खाली घेतला आणि सिताराकडे पाहून मान हलवली.

शकूबाई हसल्या नाहीत. वाघोलीच्या कडेला, नव्या टॉवरच्या पाठीमागे उरलेल्या वस्तीत त्यांचा जन्म गेला होता. फोटोसाठी म्हणून त्यांनी पितळी हंडा चिंचेने घासून लखलखीत केला होता, आणि संपतला हवा होता काचेचा ग्लास. हंड्याने म्हणे फोटो गरीब दिसतो. तो ग्लाससुद्धा सॅम्पल फ्लॅटमधून उसना आणलेला.

“एकदाच हसा ना मावशी, माझ्यासाठी,” सितारा म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजातल्या गोडव्याची तिला किळस आली.

जनसंपर्काच्या या धंद्यात ती नवीनच होती. शकूबाईंचे उद्गार तिने आदल्या दिवशीच सदाशिव पेठेतल्या ऑफिसात बसून लिहून ठेवले होते: ‘डोक्यावरचा हंडा उतरला, आता नातीला शिकवता येईल.’ आधी वाक्य तयार करायचं आणि मग त्याला शोभेल असं माणूस शोधायचं, ही तिथली रीत. वस्तीची विहीर टॉवरच्या पार्किंगखाली गडप झाली होती. ती गिळणारे बिल्डर हिंदुराव आता वस्तीला नळ देऊन समाजकार्य करत होते.

शेवटी शकूबाईंनी ओठ ताणले, संपतने फोटो मारला, आणि लगेच बिल्डरच्या सुपरवायझरने मागे जाऊन कॉक बंद केला.

“आवो, येवढा हंडा तरी भरू द्या की.”

“न्हाय जमत, मावशी. दुपारी पाव्हणे हायेत. टाकीतलं पानी लॉनला मारायचंय.”

रिकामा हंडा कमरेवर घेऊन शकूबाई सितारापुढे येऊन उभ्या राहिल्या. “बाई, तू शिकलेली हायेस. खरं सांग, पानी येनार का?”

सितारा मघाशीच टाकीच्या मागे जाऊन आली होती. टँकरने भरलेली एक प्लॅस्टिकची टाकी, तिच्यातून निघालेला चार हात लांब पाइप आणि त्याच्या टोकाला हा नळ. जमिनीखालून काही येत नव्हतं आणि कुठे काही जात नव्हतं. पण लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, हे तिच्या बॉस नीरजा मॅडमनी निघतानाच पढवून ठेवलं होतं.

“येणार मावशी. सोमवारपासून,” सितारा म्हणाली.

ऑफिसात परतल्यावर तिने धीर करून विषय काढला. “मॅडम, ती लाइन कुठेच जोडलेली नाही.”

नीरजा मॅडमनी स्क्रीनवरून नजरही हलवली नाही. “आपण प्लंबर आहोत का, सितारा?”

“नाही, पण पाणीच नाही तर बातमी...”

“पाणी देणं हे त्यांचं काम, बातमी देणं आपलं. आपलं काम आपण वेळेवर करावं.” मग त्या चक्क हसल्या. “हिंदुराव खूश आहेत. या महिन्यात तुला कायम करून टाकू. आणि हो, आजपासून प्रेसनोटच्या तळाशी तुझं नाव टाक. नंबरसकट.”

यात केवढा मान असतो हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. वर्तमानपत्रवाल्यांना काही अडलं तर विचारायचं कोणाला, ते नाव तळाशी असतं. ते फक्त त्यांच्यासाठी, छापायसाठी नव्हे. त्या तळाशी पोचायला नवख्यांची वर्षं जातात. सिताराला आनंद झाला. तो कोरडा नळ डोळ्यांसमोर होता आणि तरीही झाला, तो नाकारण्यात काही अर्थ नाही. घरातून ऑफिसात खुर्चीवर बसणारी ती पहिलीच. वडील अय्युबभाई नाना पेठेत स्कूटरच्या सीटा शिवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचे, “आमची पोरगी पेपरवाल्यांना बातम्या देते.” त्यांना कायम होणार हे सांगायला ती उतावीळ झाली होती. तिने तळाशी नाव टाकलं.

सोमवारी सकाळी अय्युबभाई पेपर नाचवतच स्वयंपाकघरात आले. “सितारा! तेरा नाम! पेपरमध्ये तुझं नाव आलंय, बेटा!”

कोणा उपसंपादकाने प्रेसनोट जशीच्या तशी उचलून पानात ओतली होती. इतकी जशीच्या तशी, की शकूबाईंच्या ताणलेल्या ओठांखाली, ‘नळाला पाणी, वस्तीत आनंद’च्या खाली, शेवटची ओळही सुखरूप छापून आली होती. अधिक माहितीसाठी संपर्क: सितारा बागवान. पुढे तिचा मोबाइल नंबर. वाचायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते मेल्याने!

चहा होईपर्यंत पहिला फोन आला. “पानी सोडनाऱ्या बाई का? मी मैना बोलतीया, शकूकाकूच्या शेजारची. कवा सोडताय?”

मग दुसरा, मग तिसरा. सितारा ‘बघते हं’ म्हणत राहिली. रिक्षात बसल्यावर तिने सरळ हिंदुरावांनाच फोन लावला. “साहेब, वस्तीतल्या बायका विचारतायत, पाणी कधी सुटणार?”

“ताई, तुमीच छापलंय न्हवं?” हिंदुराव दिलखुलास हसले. “पेपरात आलंय म्हंजी आलंच की पानी!”

रिक्षा थांबवून रस्त्याच्या कडेला ओकावं आणि आत साठलेलं सगळं बाहेर टाकावं असं तिला वाटलं. त्या हसण्याची तर घाण वाटलीच, पण त्याहून जास्त वाटली ती याची, की तो माणूस खोटं बोलत नव्हता. छापलं तिनेच होतं.

नीरजा मॅडमना मात्र गंमत वाटली. ड्रॉवरमधून त्यांनी एक नवं सिमकार्ड काढलं. “हे टाक, जुनं फेकून दे. चार दिवस फोन करून थकतील. आणि यातल्या एकीशी जरी पाण्याबद्दल बोललीस, तर उद्यापासून यायची तसदी घेऊ नकोस.”

सिताराने सिम घेतलं. दिवसभर फोन टेबलावर थरथरत राहिला आणि ती दुसऱ्या बिल्डरची प्रेसनोट लिहीत राहिली. संध्याकाळी घरी न जाता ती वडिलांच्या दुकानात गेली. अय्युबभाईंनी कात्रण शिलाई मशीनच्या वरच भिंतीला चिकटवलं होतं, रेक्झिन चिकटवायच्या सोल्यूशनने. गिऱ्हाईक बसतं तिथून समोर दिसेल असं.

“बस, बेटा. चहा सांगतो,” ते मशीन चालवतच म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला.

“बाई, मी शकू,” पलीकडून आवाज आला. “अंधार पडाया लागला. अजून वाट बघू का?”

सिताराच्या मुठीत नवं सिम होतं. तिने भिंतीकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

“नका बघू, मावशी. पाणी येणार नाही. तो नळ कशालाच जोडलेला नाही. मी तेव्हाच पाहिलं होतं, आणि तरी तुम्हाला खोटं सांगितलं.”

मशीनचा आवाज थांबला.

शकूबाई म्हणाल्या, “मंग सकाळीच सांगायचंस की गं. नातीला आज शाळंत धाडली न्हाय. हंडा घिऊन नळापाशी बसवलीया. अजून तितंच हाय पोर.” त्या ओरडल्या नाहीत. “बरं. बलावते तिला.” आणि फोन ठेवला.

सितारा तोंड झाकून बसून राहिली. अय्युबभाई उठले, स्टुलावर चढले आणि कात्रणाच्या कडेला नख घालून ओढू लागले. मथळा निघाला. शकूबाईंचा फोटोही फाटत फाटत निघाला. तळाची ओळ मात्र भिंतीला धरून राहिली.

त्यांनी कात्रीच्या टोकाने थोडं खरवडून पाहिलं आणि कात्री खाली ठेवली.

“सोल्यूशन पक्कं आहे, बेटा,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “हे नाही निघायचं.”