झाकणाच्या आतलं अक्षर

देओलिंदाचं पत्र एकोणचाळीस वर्षं माझ्या शब्दकोशात पडून होतं. पोर्तुगालहून आलेलं. विचारलं एवढंच होतं, की तिकडे आमची अक्षरं पुसतात म्हणे, हे खरं का?

जर्मनीत, गोस्लारमधल्या आमच्या कॅमेऱ्याच्या कारखान्यात एक रीत होती. ज्यानं कॅमेरा जुळवला त्यानं वरचं झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलीनं आपलं आद्याक्षर लिहायचं. गिऱ्हाइकाला ते कधीच दिसत नसे. मालकांनी स्वस्त मजुरीपायी काम पोर्तुगालला हलवलं, तेव्हा तिथल्या बायकांना शिकवायला मला धाडलं. मी बुजरा, पुस्तकात तोंड घालून बसणारा. त्यांतल्या देओलिंदाचा हात माझ्याहून हलका निघाला. रीत तिला मीच सांगितली. अक्षर म्हणजे आपला शब्द, असंही काहीतरी बोललो.

परतलो तर तिकडून पुरे जुळवलेले कॅमेरे येऊ लागले. झाकण उघडायचं, तिचं 'डी' स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, आपलं लिहायचं, झाकणावर 'जर्मनी' कोरून बंद करायचं. मी जरा कुरकुरलो. फोरमन ल्युडेके म्हणाला, "अहो प्रोफेसर, तुमचे हात जर्मन आहेत ना? मग चालवा की."

सगळे हसले. मीही हसलो आणि बोळा उचलला. तिचं पत्र त्यानंतरचं.

गेल्या आठवड्यात गावच्या संग्रहालयात बोलावणं होतं. काचेआड उघडा कॅमेरा, भिंगाखाली माझं 'टी', आणि पाटी: गोस्लारच्या कारागिराची सही. 'टी'च्या मागे, नीट न पुसलेलं, 'डी'चं पोट दिसत होतं.

"हेर टिलमन, हे तुमचंच ना?" तिथल्या फ्राऊ वेसेलनी विचारलं.

"अक्षर माझं. कॅमेरा नाही."

"किती साधे आहात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. त्यांनी दिलेला केक मी खाल्लासुद्धा. शी.

घरी येऊन देओलिंदाला उत्तर लिहायला बसलो. चार कागद फाडले. प्रत्येकात मी ल्युडेकेला पुढे करत होतो. पाचव्यावर उरलं ते असं: "खरं आहे. तुमचं अक्षर मी स्वतः पुसायचो. एक नीट पुसलं गेलं नाही, ते इथल्या संग्रहालयात माझ्या नावावर आहे." खाली संग्रहालयाचा पत्ता घातला. एक प्रत फ्राऊ वेसेलना.

देओलिंदाचा पत्ता जुनाच. ती आहे की नाही, कोण जाणे. चौकातल्या पिवळ्या टपालपेटीपाशी हात सवयीनं मागे येऊ लागला, तशी दोन्ही पाकिटं आत ढकलली.