घसरलेलं चाक

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. लाकडी मूठ, लोखंडी चौकट आणि तिच्यात दिवस, महिना, वर्ष अशा तीन रबरी पट्ट्या, एवढंच माझं शरीर. वर 'रोजगार नोंदणी' अशी अक्षरं. प्रत्येक पट्टीला एक दातेरी चाक आहे, ते बोटाने फिरवलं की तारीख बदलते. मित्रांनो, शिक्क्याचं आयुष्य ते काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण माझ्यापायी एका माणसाचं होत्याचं नव्हतं झालं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला या खणात चैन पडत नाही.

एका अरुंद दुकानात, शिक्के करणाऱ्या म्हाताऱ्याने मला घडवलं. मूठ कानशीने घासून गुळगुळीत केली, रद्दी कागदावर दहा वेळा उठवून पाहिलं आणि आपल्या सुनेला तो म्हणाला, "हा बारा वर्षं हूं की चूं करणार नाही." माझी वर्षाची पट्टी बारा वर्षांचीच होती, म्हणून तो तसं म्हणाला. मला मात्र ती शाबासकी वाटली. नवेपणी कोण फुशारत नाही?

मी रोजगार नोंदणीच्या कचेरीत आलो तो आठवडा मला पक्का आठवतो. त्याच आठवड्यात गावातला पंख्यांचा कारखाना बंद पडला होता. सकाळी खिडकी उघडली तेव्हा रांग फाटकाबाहेर, सायकलच्या दुकानापर्यंत गेली होती. खिडकीत बसणाऱ्या बाईंनी मला पहिल्यांदा हातात घेतलं ते त्या दिवशी. संध्याकाळी त्यांच्या तळव्याला माझ्या मुठीचा वळ उठला होता.

कामाची रीत साधी होती. ज्याला काम नाही त्याने नाव नोंदवायचं, कार्ड घ्यायचं आणि दर तिसऱ्या महिन्यात येऊन कार्डावर आणि रजिस्टरवर माझा ठसा घ्यायचा. ठसा ज्या महिन्यात घ्यायचा त्याच महिन्यात घ्यायचा. तो चुकला की नोंद रद्द. मग पुन्हा नाव घालता यायचं, पण यादीच्या अगदी तळाला. कुठे जागा निघाली तर बोलावणं वरच्या वीस जणांनाच जायचं, त्यामुळे यादीतला नंबर म्हणजे त्या माणसांचा जीव की प्राण होता.

पहिली दोन वर्षं रांगेत हसणं-खिदळणंही असायचं. आमच्या डोक्यावरचा पंखा त्याच कारखान्यातला होता. तारेची वेटोळी गुंडाळणारा एक लठ्ठ कामगार वर बोट दाखवून म्हणायचा, "बाई, हा माझ्या हातचा आहे. कुरकुरला तर मला सांगा, मी त्याला समज देतो." सगळी रांग हसायची. लोक इस्त्रीचे शर्ट घालून यायचे, कारण काय सांगावं, आजच कुणी मुलाखतीला बोलावलं तर?

त्या रांगेत पहिल्या दिवसापासून एक फिटर होता. उंच, किरकोळ अंगाचा, खिशाला कायम एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेला. कारखाना गेला, हत्यारं गेली, एवढं एक राहिलं, असं तो म्हणायचा. घरी बायको आणि एक मुलगी. बायको चार घरी स्वयंपाक करायची आणि हा मिळेल तिथे नळ दुरुस्त कर, मोटार खोल, असं करायचा. महिन्यातून सहा दिवस काम आणि चोवीस दिवस वाट. बाई त्याला फिटरभाऊ म्हणायच्या. त्याची एक लकब होती. कार्डावर ठसा पडला की तो त्यावर दोनदा फुंकर मारायचा, तारीख वाचायचा आणि मगच कार्ड खिशात ठेवायचा.

आता आमच्या साहेबांविषयी सांगतो. त्यांच्या खोलीचं दार खिडकीच्या मागेच होतं आणि ते नेहमी उघडं असायचं, म्हणून भिंतीवरचा नकाशा मला दिसायचा. प्रत्येक विभागात शंभर माणसांमागे किती बेकार, ते त्यावर रंगाने दाखवलेलं असे. आमचा विभाग पहिल्या वर्षी गडद लाल होता, शंभरात एकोणीस. मग आकडा उतरायला लागला. सोळा, बारा, नऊ. लाल गेला, पिवळा आला. वरच्या कचेरीतून साहेबांना शाबासकीचं पत्र आलं आणि त्यांनी ते चौकटीत घालून नकाशाशेजारी टांगलं.

मित्रांनो, मला आधी वाटलं की काम मिळतंय लोकांना. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू? पण काम कुठलं मिळतंय? कारखान्याच्या फाटकावर गवत वाढलं होतं. झालं होतं एवढंच की माणसं ठसा घ्यायला यायची थांबली होती. तारा गुंडाळणारा लठ्ठ कामगार बंदरावर ओझी उचलायला गेला, असं कुणी तरी म्हणालं. पुठ्ठ्याची खोकी बांधणारी एक बाई होती, ती दोन खेपा आली नाही, आणि मग तिची बहीण सांगून गेली की ती आता कुठे जात नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. यांची नावं यादीतून गेली. जो काम मागायला येत नाही तो बेकार धरायचा नाही, असा नियम होता. माणूस थकून घरी बसला की आमचा आकडा सुधारायचा.

खिडकीतल्या बाईंना हे कळत होतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या न आलेल्यांची पानं उघडी ठेवून खिडकी बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसायच्या. कुणी धापा टाकत आलं तर त्यांना कोण आनंद व्हायचा. त्यांच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुलं शिकणारी, आणि कमावत्या त्या एकट्या. त्यांच्याइतकं नोकरीचं मोल त्या रांगेतल्या माणसांनाच ठाऊक असेल.

दहाव्या वर्षी माझं महिन्याचं चाक झिजलं. जोरात दाबलं की कधी कधी एक दात मागे सरकायचं. बाईंनी नव्या शिक्क्यासाठी दोन अर्ज केले. दोन्हींना एकच उत्तर आलं, की वर्षाची पट्टी संपेपर्यंत शिक्का बदलून मिळणार नाही. मग बाई रोज सकाळी मला रद्दी कागदावर उठवून बघायच्या आणि मधूनमधून आधीचं पानही उलटून तपासायच्या.

हा बिघाड पहिल्यांदा हेरला तो फिटरने. खिडकीच्या गजांतून नुसत्या आवाजावरून.

"बाई, याचं महिन्याचं चाक सैल झालंय," तो म्हणाला. "इकडे द्या जरा. दोन मिनिटांचं काम आहे, स्क्रू आवळून देतो."

बाईंनी मला उचललंही होतं. तेवढ्यात आतून साहेब म्हणाले, "कचेरीची वस्तू खिडकीबाहेर द्यायची नाही. उद्या कुणी घरी बसून ठसे मारत सुटेल."

"मी इथेच उभा राहून करतो, साहेब."

"नियम म्हणजे नियम."

फिटरने स्क्रू-ड्रायव्हर परत खिशाला अडकवला. मी तिथेच होतो, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर.

पुढच्या वर्षी जूनची दोन तारीख होती. फिटरच्या ठशाचा महिना. रांग लहान होती, पण त्या दिवशी वेगळीच गडबड उडाली. बाईंनी मला त्याच्या कार्डावर टेकवलं, रजिस्टरवर टेकवलं, आणि त्याच क्षणी शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "पाणीपुरवठ्यात फिटरची जागा निघालीय. एकच आहे. बोर्डावर लावलीय बघा." अकरा वर्षांत फिटरची पहिली जागा. सगळे बोर्डाकडे धावले. फिटरही धावला. कार्डावर फुंकर मारायची राहिली, तारीख वाचायची राहिली.

ती मी सांगतो. दोन मे. माझं चाक घसरलं होतं.

पुढच्या माणसाच्या कार्डावर बाईंना 'मे' दिसलं. त्यांनी खोडून दुरुस्त केलं, चाक फिरवलं. आत्ताच घसरलं असेल, असं त्यांना वाटलं. एरवी त्यांनी आधीचं पान उलटून पाहिलं असतं. पण बोर्डाजवळ ढकलाढकली चालली होती, खिडकीवर लोक अर्जाचे कागद मागत होते, आणि ते पान तसंच राहून गेलं. महिनाअखेरीलाही अर्जांच्या गर्दीत न आलेल्यांची पानं बघायला त्यांना सवड झाली नाही.

फिटर यादीत चौथा होता. वरचे तिघे वयाच्या अटीत बसत नव्हते. अट पंचेचाळीसची, आणि याला पंचेचाळीस पूर्ण व्हायला पाच महिने उरले होते. म्हणजे ही जागा त्याचीच होती, आणि यानंतर दुसरी कुठलीच होणार नव्हती. त्याच्या मुलीने वडिलांचा शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवला होता, असं तो शिपायाला सांगत होता. सांगताना जरा लाजलाही.

जुलैत वीस नावं लागली. त्यात त्याचं नव्हतं.

तो खिडकीशी आला आणि त्याने कार्ड पुढे सरकवलं. बाईंनी ते पाहिलं, मग रजिस्टर उघडलं. दोन्हीकडे दोन मे. जूनचा रकाना कोरा, म्हणून नोंद रद्द. त्या उठून आत गेल्या. मी टेबलावरून सगळं ऐकलं.

"शिक्का चुकीचा उमटला, असं लेखी देता?" साहेबांनी विचारलं. "द्या. मग तुमच्यावर चौकशी बसेल आणि पहिल्याच दिवशी तुम्हाला घरी बसवतील. शिवाय यादी वरच्या कचेरीत गेली, आकडाही गेला. आपला विभाग यंदा हिरवा झालाय. बघा, तुम्ही ठरवा."

बाई परत येऊन बसल्या. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण अकरा वर्षं त्यांचा तळवा मी ओळखत होतो, आणि त्या दिवशी तो गारठला होता.

"फिटरभाऊ," त्या म्हणाल्या, "कार्डावर मे आहे."

फिटरने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने बाईंकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं असावं.

"चाकच घसरलं ना?"

बाईंनी मान खाली घातली.

"घरी मालक कसे आहेत?" त्याने विचारलं.

"तसेच."

"मग राहू द्या. दोघांच्या घरी चूल विझवून काय मिळणार?" तो आवाज न चढवता म्हणाला. मग त्याने गजांतून हात पुढे केला. "तो शिक्का द्या इकडे."

बाईंनी या वेळी आत पाहिलं नाही. त्यांनी मला त्याच्या हातावर ठेवलं. त्याने खिशाचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, मला उलटं केलं, स्क्रू सोडवला, चाक नीट दातांवर बसवलं आणि परत आवळलं. म्हणाला होता तशी दोनच मिनिटं लागली. इतका जाणता हात माझ्या अंगाला कधीच लागला नव्हता, त्या म्हाताऱ्याचा सोडला तर.

"आता नाही घसरणार," तो म्हणाला. "मागच्यांचं तरी नीट होईल."

बाईंनी नवं कार्ड पुढे केलं. तळाचा नंबर, चार हजारांच्या पलीकडचा. त्याने ते घेतलं नाही. फाटकातून बाहेर पडताना तो पुन्हा एकदा बोर्डासमोर थांबला, मग निघून गेला. त्यानंतर तो आम्हाला कधी दिसला नाही.

माझी वर्षाची पट्टी मागल्या वर्षी संपली. आता मी खणात टाचण्या आणि सुकलेल्या शाईच्या डबीशेजारी पडून असतो. भिंतीवरचा विभाग अजून हिरवाच आहे, शंभरात सात. मित्रांनो, कुणी तुम्हाला असा उतरलेला आकडा दाखवला, तर आधी विचारा की रांगेतली माणसं गेली कुठे. आणि कुणी म्हणालं की द्या इकडे, दोन मिनिटांचं काम आहे, तर त्याला ते करू द्या हो.

त्या दिवशी फिटर गेल्यावर बाईंनी त्याचं पान उघडलं. त्यावर 'रद्द' असं लिहिलं आणि खाली मला टेकवलं. दुरुस्त झाल्यावरचा तो माझा पहिला ठसा. दिवस, महिना, वर्ष, सगळं अगदी बरोबर उमटलं.