पांढऱ्या रेघेचा फळा

मी एक जुना फळा आहे. नांदुऱ्याच्या स्टेशनाजवळ सेवानिवृत्त मंडळाची एक लांबट खोली आहे. तिच्या आतल्या भिंतीवर मी टांगलेला आहे. मित्रांनो, तुम्ही शाळेतले फळे पाहिलेले आहेत. त्यांच्यापुढे लहान मुलं भांडतात आणि मधल्या सुट्टीत विसरून जातात. माझ्यापुढे साठी उलटलेली माणसं भांडली, आणि त्यातलं एकही भांडण कोणी विसरलं नाही. म्हणून माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर राग मानू नका.

माझं लाकूड सागाचं. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामाचं दार मोडून सुताराने मला घडवलं. खिळा गंजला की त्याचा डाग रंगातून वर येतो, म्हणून त्याने मला लाकडी खुंट्यांनी जोडलं. मग दिव्याची काजळी, कोळशाची बारीक पूड आणि बाभळीचा डिंक एकत्र खलून त्याचे थर माझ्यावर चढवले. मी अगदी गुळगुळीत होऊ नये याची काळजी त्याने घेतली. गुळगुळीत पृष्ठभागावर खडू नुसता घसरतो. थोडं खरखरीत असलं तरच तो झिजतो आणि अक्षर उमटतं.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. सकाळच्या गाडीने वर्तमानपत्र यायचं. किसनराव त्यातल्या ठळक बातम्या माझ्यावर लिहायचे. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, गाव त्यांना गुरुजीच म्हणे. अक्षर असं, की शिरोरेघ ओढायला पट्टी लागत नसे. खालच्या बाजूला वामनराव लिहायचे. ते रेल्वेत गार्ड होते. मलकापूरपासून अकोल्यापर्यंत कुठे कोण फसलं, हे गाडीवरची माणसं त्यांना फलाटावर उभ्याउभ्या सांगत. मग माझ्यावर ‘सावध’ असा शब्द यायचा आणि त्याखाली मजकूर: पेन्शन वाढवून देतो म्हणणारा दलाल फिरत आहे, नवसाच्या नावाने वर्गणी मागणाऱ्याचं देऊळ कुठेच नाही. लोक वाचत आणि म्हणत, “फळ्यावर आलंय, म्हणजे खरं असंन.” मंडळाचा एक नियमही होता. ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. दुसऱ्याच्या अक्षराला कोणी हात लावायचा नाही.

मग महाराष्ट्र राज्य झालं. किसनरावांनी ती बातमी माझ्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहिली आणि भोवती वेलबुट्टी काढली. वामनरावांना वेगळा विदर्भ हवा होता. ते आले, बातमीकडे पाहून म्हणाले, “वऱ्हाडाचं श्राद्ध घातलं अन् वरतून रांगोळी काढली.”

किसनराव म्हणाले, “ज्याला वाचवत नाही त्यानं वाचू नये.”

“मंग माहा अर्धा फळा वेगळा काढून द्या.”

त्यांनी खरोखरच काढला. वामनरावांनी पांढरा तेलरंग आणून माझ्या छातीवर वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. डावी बाजू गुरुजींची, उजवी वामनरावांची. बाकंही तशीच वाटली गेली. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण डाव्या बाकावरच्या माणसांनी उजवा अर्धा वाचणं सोडलं, आणि उजव्यांनी डावा. एखाद्याची नजर चुकून पलीकडे गेली तर शेजारचा त्याला कोपर मारी.

माझं दुःख तुम्हाला सांगतो. अर्ध्या फळ्यावर पूर्ण वाक्य मावत नाही. किसनरावांचं अक्षर मोठं आणि त्यांना ते बारीक करवत नसे. मग ते शब्द गाळू लागले. चीनशी युद्ध झालं, त्यानंतरच्या जानेवारीत सरकारने सोन्यावर नियंत्रण आणलं. वर्तमानपत्रात होतं की दागिने सोडून इतर सोन्याची नोंद करावी, आणि यापुढे चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवू नयेत. माझ्या डाव्या अर्ध्यावर आलं ते असं: ‘सोन्याची नोंद सक्तीची. चौदा कॅरेटचा कायदा लागू.’ ‘दागिने सोडून’ हे दोन शब्द रेघेपाशी अडले आणि गळून गेले.

त्याच आठवड्यात उजवीकडे वामनरावांनी लिहिलं: ‘सावध. दागिने तपासणारा कोणी अधिकारी सरकारने नेमलेला नाही. बाटलीतल्या पाण्यात दागिना बुडवू देऊ नका.’

दोन्ही अर्धे एकत्र वाचले असते तर लहान पोरालाही सगळं कळलं असतं.

किसनरावांच्या घरी तेव्हा कोकिळाच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलीच्या, लग्नाची बोलणी पक्की झाली होती. तिच्या आईकडे, अन्नपूर्णाबाईंकडे, जुन्या पाटल्यांची एक जोडी होती. ती त्यांच्या आईने वडनेर भोलजीहून लेकीला दिलेली होती. आता ती कोकिळाच्या हातात जायची होती. नव्या कायद्यामुळे तशा सोन्याची जोडी पुन्हा घडवता येणार नव्हती, म्हणून घरात त्या पाटल्यांना जिवापाड जपत होते.

एका दुपारी खाकी कोट घातलेला, हातात चामड्याची बॅग घेतलेला एक माणूस मंडळाच्या खोलीत आला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. डावा अर्धा वाचला, मग उजवा अर्धा वाचला, शेवटच्या अक्षरापर्यंत. तीन वर्षांत मला पूर्ण वाचणारा तो पहिला माणूस होता. मला हे सांगताना लाज वाटते.

“ये बाजू किनकी?” त्याने उजवीकडे बोट दाखवून विचारलं.

डाव्या बाकावरचे हिंमतराव म्हणाले, “ते नाई वाचत आम्ही. तो रेल्वेचा भाग हाये.”

“फिर मैं भी नहीं पढता,” असं म्हणून तो हसला आणि उजव्या अर्ध्याकडे पाठ करून बसला.

मग तो किसनरावांशी अदबीने बोलू लागला. नव्या कायद्याप्रमाणे दागिने किती शुद्ध आहेत याची चिठ्ठी लागणार, तो तपासून देणार. गावातल्या प्रतिष्ठित माणसापासून सुरुवात करावी असा वरून हुकूम आहे. ‘प्रतिष्ठित’ हा शब्द ऐकून किसनरावांनी चष्मा पुसला. त्यांनी हिंमतरावांना घरी पाठवलं आणि पाटल्या घेऊन येण्याचं अन्नपूर्णाबाईंना बोलावणं धाडलं.

उजव्या बाकावर वामनराव बसले होते. त्यांनी बॅगेतून बाटली निघालेली पाहिली. चिनी मातीची वाटी निघालेली पाहिली. त्यांना सगळं कळलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. दोन पावलांवर किसनराव होते. वामनराव छताकडे पाहून म्हणाले, “फळ्यावर लिहेल हाये. डोळे असंन त्यानं वाचावं.”

“हिंमतराव येईपर्यंत ते दार लोटून घ्या कोणी,” किसनराव बाकी मंडळींना म्हणाले. “स्टेशनाचा धूर आत येऊन राह्यला.”

थोड्या वेळाने हिंमतरावांनी दार उघडलं आणि त्यांच्यामागून अन्नपूर्णाबाई आल्या. बायकांनी मंडळाच्या खोलीत यायची रीत नव्हती, म्हणून त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. हातरुमालात बांधलेल्या पाटल्या त्यांनी छातीशी धरल्या होत्या. त्यांना वाचता येत होतं. किसनरावांनीच लग्नानंतर शिकवलं होतं. आणि त्या डाव्या बाकाच्या नव्हत्या, उजव्याही नव्हत्या. त्यांची नजर माझ्यावर सरळ फिरली आणि उजवीकडे थांबली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “इथं तं बाटलीचंच लिहेल हाये. हे पाहा नं, बुडवू देऊ नका म्हणते.”

किसनरावांची मान माझ्याकडे वळू लागली. खरंच सांगतो, ती वळत होती. आणखी थोडी वळली असती तर पाटल्या वाचल्या असत्या.

तेवढ्यात वामनराव खो खो हसले. “वाचा वहिनी, जोऱ्यानं वाचा! गुरुजीले आता वाचता येत नसंन. जलमभर पोराईले शिकोलं, आता बायको शिकोते!”

उजवं बाक हसलं. किसनरावांचा चेहरा काळवंडला. वळलेली मान तिथेच थांबली. ते उठले, उंबऱ्यापाशी गेले आणि बायकोच्या हातातून रुमाल ओढून घेतला.

“अहो, नका,” त्या म्हणाल्या. “माह्या मायच्या हायेत त्या. कोकिळाच्या हायेत.”

“रेल्वेवाल्यांचं ऐकून मी घर चालवत नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी पाटल्या स्वतःच्या हातांनी वाटीत सोडल्या.

मित्रांनो, बाटलीत काय होतं ते आता सांगतो. ते दोन तीव्र आम्लांचं मिश्रण होतं. त्याला आम्लराज म्हणतात. त्यातलं कुठलंही आम्ल एकटं असलं तर सोन्याला काही करू शकत नाही. दोन्ही मिसळली की सोनं त्यात विरघळतं आणि द्रव पिवळसर होतो. वाटीतून पिवळट वाफ निघाली. तिच्या वासाने हिंमतराव खोकू लागले. खाकी कोटवाला साहेब म्हणाला, “मैल निकल रहा है.” मैल निघत नव्हता. वडनेरच्या आजीचं सोनं निघत होतं आणि वाटीतलं पाणी पिवळं होत होतं. वामनराव आता हसत नव्हते. पण ते उठलेही नाहीत.

पाटल्या बाहेर काढून पाण्याने धुतल्या तेव्हा लखलखत होत्या. साहेबाने चिठ्ठी दिली, वाटीतलं पाणी बाटलीत जपून परत ओतलं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने तो गेला. ओतताना एक थेंब माझ्या चौकटीवर उडाला. तिथला डाग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाई पुन्हा आल्या. या वेळी त्या उंबऱ्याशी थांबल्या नाहीत. त्यांच्या हातात खुरपं होतं. सोनाराकडे जाऊन आल्या होत्या, हे कोणी विचारायची गरज नव्हती. हातातल्या पाटल्यांवरची बारीक फुलं झिजून सपाट झाली होती आणि कडा पातळ झाल्या होत्या.

“बायकांनी आत यायचं नसतं,” किसनराव हळू म्हणाले.

“बायकाईच्या पाटल्या आत आलेल्या चालते. बायका नाई चालत?” त्या म्हणाल्या. “सरका बाजूले.”

वामनराव पुढे झाले. “वहिनी, मी तं लिहेलच होतं.”

“लिहेल होतं,” त्या त्यांच्याकडे वळल्या. “तोंड नोतं तुमाले? हसता आलं, हात धरता नाई आला? काऊन बसून राह्यले होते?”

वामनराव मागे सरून बाकावर बसले. मग त्या स्टुलावर चढल्या आणि माझ्या छातीवरची पांढरी रेघ खुरप्याने वरपासून खालपर्यंत खरवडू लागल्या. तेलरंग लाकडात मुरतो. तो निघता निघेना, म्हणून त्यांनी लाकूडही खरवडलं आणि तिथे चरी पडली. मला दुखलं, पण मी तक्रार करणार नाही. मग त्यांनी दोघांकडे पाहिलं. किसनराव आले आणि आपला अर्धा पुसून बाकावर जाऊन बसले. वामनराव आले आणि त्यांनीही आपला पुसला. अन्नपूर्णाबाईंनी खडू घेतला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मधली चरी ओलांडून, लिहिलं:

‘माझ्या आईच्या पाटल्यांचं सोनं इथं, या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. कोणाला दागिना बुडवू देऊ नका. अन्नपूर्णाबाई.’

“हे पुसून टाका,” हिंमतराव पुटपुटले. “लोकं येतेत, वाचतेत, मंडळाची इज्जत...”

“वाचाले पाह्यजे म्हणूनच लिवलं,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

कोकिळाच्या लग्नात त्याच पाटल्या तिच्या हातात घातल्या. त्या इतक्या पातळ झाल्या होत्या की चुडा भरताना कासारणीने त्या उतरवून बाजूला ठेवायला सांगितलं, असं बाकावरचे लोक बोलत होते. त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझ्या चौकटीचा एक कोपरा वाळवीने खाल्ला. उजव्या खुंटीला कोणीतरी छत्र्या अडकवतं. पावसाळ्यात भिंत ओलावते आणि माझा डिंक सुटतो, पण कोणाचं लक्ष जात नाही. बातम्या आता खाली, उरलेल्या जागेत लिहितात.

त्या वाक्याला मात्र कोणी हात लावत नाही. खडू हवेने झडतो, अक्षरं पुसट होतात. मग एखाद्या दिवशी किसनराव येतात आणि तीच अक्षरं पुन्हा गिरवतात. मधल्या चरीपर्यंत आले की थांबतात, खडू पट्टीवर ठेवतात आणि जाऊन बसतात. थोड्या वेळाने वामनराव उठतात, तोच खडू घेतात आणि पुढची अक्षरं गिरवतात. दोघं एकमेकांकडे पाहत नाहीत. बोलत तर नाहीतच.

मित्रांनो, माझ्यासारखा जुना फळा तुमच्या गावात असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा, भिंतीपासून थोडा सुटा ठेवा, त्याच्यावर छत्र्या टांगू नका. वाचाल तेव्हा या कडेपासून त्या कडेपर्यंत वाचा. आणि शेजारच्या माणसावर संकट येताना दिसलं, तो तुम्हाला कितीही नावडता असला, तरी माझ्याकडे बोट दाखवून गप्प बसू नका. उठा आणि त्याचा हात धरा.

आमच्या मंडळात ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं, असा नियम आहे. अन्नपूर्णाबाई अजून पुसायला आलेल्या नाहीत.