औषधातली सरकी

सरकीले कोंब आले होते, अन् ते पाहून देवमननं आधी दाराकडं पाहिलं, साहेब तर आले नाहीत ना. आता काय बोलावं माणसानं! शेतात कोंब दिसला की आपण हरखतो, अन् इथं अकोल्याच्या प्रयोगशाळेत हा गडी त्याच कोंबाले पाहून घामाघूम.

झालं असं, की आदल्या दिवशी महादेवराव साहेबानं त्याले समजावलं होतं, "बी भिजलं की आत प्रथिनं तयार होतात, म्हणून कोंब येतो. ती कोणती करायची याचा हुकूम पेशीच्या गाभ्यातून निघतो. या औषधात नवा हुकूम निघत नाही. सरकी यातच भिजव." परदेशातून आलेली एवढीशी शिशी. देवमननं थेंब न थेंब ओतला होता. हुकूम नाही तर कोंब नाही, असंच तो समजला होता. तरी कोंब!

"मेलो," तो पुटपुटला. तिवशाच्या बौद्धपुऱ्यातून सरकारी नोकरीत आलेला तो पहिलाच. इथं काही हरवलं की सगळ्यांचे डोळे आधी त्याच्याकडंच वळत. साहेब म्हणणार, यानं औषध लांबवलं अन् साधं पाणी घातलं. याचं कोण ऐकणार? नोकरी गेली तर घरी बायकोले, इंदूबाईले, काय तोंड दाखवायचं?

भेदरलेला माणूस काय करंल, नेम नाही. आवारामागं दूधवाले नबीभाई म्हशीसाठी सरकी शिजवून राहिले होते. देवमननं त्यातली मूठभर मागून आणली, कोंब आलेली त्यांच्याच चुलीत घातली, अन् शिजलेली बशीत मांडून ठेवली. शिजलेलं बी थोडंच उगवते!

साहेब आले. बशीवर वाकले. एकेक बी निरखू लागले.

"एकही नाही?"

"नाही साहेब."

साहेब मटकन खुर्चीत बसले. "मला वाटलं होतं, फुटतील. बोंडात बी पिकतानाच जुने हुकूम आत साठवलेले असणार, नव्याची गरजच पडणार नाही. तेच दाखवायचं होतं रे. आता औषध संपलं, प्रयोग बंद. आणि तुझी जागाही या प्रयोगापुरतीच होती."

"फुटली होती साहेब!" देवमन रडकुंडीले आला. "सगळीच फुटली होती! मीच बदलली. मले भेव वाटलं, तुमी म्हणसान, औषध यानंच चोरलं."

साहेबानं बशीतली एक सरकी चिमटीत दाबली. ती मऊ पडून चिरडली.

"सकाळी नुसती हाक मारली असतीस, तर मी विश्वास ठेवला असता," ते म्हणाले. "आता कसा ठेवू, देवमन?"