भट्टीचं तोंड

सासरे आणि सून एका घरात नांदतात, इथवर ठीक. आम्ही एकाच प्रयोगशाळेतही नांदतो. धातूच्या आयनांचा झोत सोडणारी यंत्रं बनवणं हा आमचा उद्योग. अंगठ्याएवढ्या भट्टीत धातूची वाफ करायची, तिला विद्युतभार द्यायचा आणि बारीक भोकातून झोत ओढून काढायचा. भट्ट्या बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या. सगळे त्यांना ‘भट्टीबुवा’ म्हणतात आणि ते खूश होतात.

त्यांच्या भट्टीला तापवायची तार एकच, तळाशी. तोंड त्यामानाने गार राहायचं, वाफ तिथेच गोठायची आणि झोत आटायचा. मी नव्या आराखड्यात तोंडाला वेगळी तार दिली.

“दोन-दोन तारा? भट्टी आहे की नवरी, इतकं नटवायला?” बाबा म्हणाले.

“नवरीच समजा. फक्त बंद करताना आधी तळ, मग तोंड. उलटं केलंत तर रुसेल.”

“आता तू शिकव मला!”

चाचणीत झोत झकास आला. दुसऱ्या दिवशी साहेब बघायला येणार होते. त्यांना पटलं तर आराखडा माझा म्हणून पुढे जाणार, नाहीतर मी पुन्हा दुसऱ्यांच्या आकृत्या रेखाटत बसणार.

साहेबांसमोर यंत्र सुरू केलं. झोत मोजणारा काटा हलेना. थंड करून उघडलं, तर भट्टीचं तोंड धातूने गच्च बुजलेलं.

“नसते उपद्व्याप,” साहेब म्हणाले. “जुनंच बरं होतं.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला रडू आलं आणि रागही आला, कारण आदल्या दिवशी यंत्र बाबांनी बंद केलं होतं. पण सासऱ्यांचं नाव घेणार कसं? आणि बाबा स्वतःहून सांगतील ही आशाच नको. घराची किल्ली त्यांच्याच खिशात सापडली, तरी ती तिथे दुसऱ्याच कुणीतरी ठेवलेली असते.

बाबांनी चष्मा काढून पुसला.

“आराखड्यात खोट नाही, साहेब. काल तोंडाची तार मी आधी बंद केली. हिने बजावलं होतं. जन्मभर एकच तार हाताळली, हात सवयीने गेला. तोंड साफ करून पुन्हा लावा.”

लावलं. झोत आला. साहेबांनी आराखडा मंजूर केला, तोही माझं नाव घेऊन.

 घरी जाताना बाबा हळूच म्हणाले, “तुझ्या सासूबाईंना यातलं काही बोलू नकोस हं. नाहीतर किल्लीचं सगळं जुनं प्रकरण उकरून काढेल.”

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही गोष्ट मी सासूबाईंना आजतागायत सांगितलेली नाही.