नीलांबरीबाईंचा खानदानी सॉस

खोटं बोलायचं असं नेत्राने मुळीच ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, एवढंच. परदेशात, नोव्हाय गावातल्या तिच्या ऑफिसात पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ करून न्यायचा, आणि आदल्या दिवशी मीटिंगांनी तिला मान वर करू दिली नव्हती. म्हणून तिने दुकानातल्या सॉसच्या दोन बाटल्या कढईत रिकाम्या केल्या, वरून लसणाची चरचरीत फोडणी घातली आणि त्यात पास्ता कालवून नेला. तिच्या बॉसने, डोनाने, तो तीनदा घेतला. डोना इटालियन घरातली. तिनेच जेव्हा प्लेट पुसून खात विचारलं, "ही रेसिपी कुणाची गं?" तेव्हा बाटलीचं नाव सांगायची नेत्राला लाज वाटली.

"सासूबाईंची," ती म्हणाली. "फार जुनी. खानदानी."

"त्या इथेच असतात?"

"सध्या आल्यात पुण्याहून, पण..."

"मग रविवारी मी शिकायला येते!"

सासूबाईंनी, म्हणजे नीलांबरीबाईंनी, जन्मात पास्ता केला नव्हता. समोर आलाच तर "या जाड्या शेवया तुम्हीच खा" म्हणून त्या ताटली सरकवून द्यायच्या. नवऱ्याला, शंतनूला, सांगितलं तर तो नुसताच खिदळत बसला. शेवटी धीर करून तिने सासूबाईंपुढे सगळं कबूल केलं आणि खरडपट्टीची वाट बघत मान खाली घालून उभी राहिली.

सगळं ऐकून नीलांबरीबाईंनी कपाट उघडलं. मग म्हणाल्या, "साडी कुठली नेसू?"

रविवारी डोना बेझिलची जुडी घेऊन हजर झाली. नारायणपेठी साडीचा पदर खोचून नीलांबरीबाई ओट्याशी उभ्याच होत्या. त्यांनी टोमॅटो उकडले, सोलले, चाळणीवर घासून गाळले. इथवर नेत्राचा जीव थाऱ्यावर होता. पण मग तेलात मोहरी तडतडली. मागून हिंग आला. गुळाचा खडा पडला. आणि बाईंनी दाण्याच्या कुटाचा डबा उघडला.

"आई, कूट नको!" नेत्रा कुजबुजली.

"तू भाषांतर कर. पातेल्यात नाक खुपसू नकोस."

"किती पिढ्यांपासून करता हे?" डोनाने विचारलं.

"सात," बाई बेधडक म्हणाल्या. "माझ्या आजेसासूबाईंनी हे चुलीवर चढवलं की वासाने वाटेवरचे पाहुणे घरात शिरायचे. त्यातले दोघे तर परत गेलेच नाहीत. एकाचं लग्न आम्हीच लावून दिलं."

नेत्राने चेहरा सरळ ठेवून तेही इंग्रजीत सांगितलं. शंतनू घाईघाईने गराजमध्ये निघून गेला, आणि तिथून त्याचा ठसका ऐकू येत राहिला.

"आणि शिजवायचं किती वेळ?"

"शेजारीण भांडायला आली, भांडली, आणि चहा पिऊन गेली, एवढा वेळ."

डोनाने एकदम टाळी वाजवली. "अगदी माझ्या आजीसारखं बोलतात या!"

सॉस तयार झाला. डोनाने चमचाभर चाखला, डोळे मिटले, आणखी एक चमचा घेतला. मग तिच्या कपाळावर आठी उमटली.

"पण ऑफिसात असा नव्हता लागला. हा तर वेगळाच आहे."

भाषांतर करायला नेत्राने तोंड उघडलं, पण सासूबाईंना त्याची गरजच नव्हती.

"दॅट वन नेत्रा मेड," नीलांबरीबाई खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, जवळच्या माणसाला घरातलं दुःख सांगावं तसं म्हणाल्या, "शी इज स्टिल लर्निंग."

"ओह," डोना म्हणाली, आणि तिने नेत्राकडे इतक्या मायेने पाहिलं की नेत्राला तिथल्या तिथे बेझिलच्या जुडीत तोंड लपवावंसं वाटलं. डोनाने दोन वाट्या सॉस चाटूनपुसून संपवला. उरलेला डब्यात भरून घेतला, आणि निघताना नीलांबरीबाईंना अशी मिठी मारली की त्यांच्या पदराची पिन सुटली.

सोमवारी डोनाने ऑफिसात नेत्राच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर सोडू नकोस हं. जमेल तुलाही. पुढच्या पॉटलकला तू फक्त पेपर प्लेट्स आण."

संध्याकाळी नेत्राने हे पाय आपटत घरी सांगितलं. नीलांबरीबाई शेंगदाणे भाजत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"प्लेटा तरी नीट बघून आण," त्या म्हणाल्या. "घराण्याचं नाव आहे."