आरशाखालचे एकोणचाळीस फोन

आपल्याला एक खोड आहे, मंडळी. काही भरायचं म्हटलं की आपण आधी भरून देणारा शोधतो. मिरची परदेशी पाठवायची तर कोणत्या तारखेला काय फवारलं, हे शेतात उभं राहून फोनवर नोंदवायचं, म्हणजे फोन जागाही आपोआप टिपतो, असा नियम आला. औषधाचा अंश उतरेपर्यंत तोडणी होऊ नये, एवढ्यासाठी. गावच्या शेतकरी गटातल्या एकोणचाळीस जणांनी काय करावं? आपापले फोन नेऊन सलूनवाल्याच्या आरशाखाली ठेवले! त्याची बोटं झरझर चालायची. एका गालाचा साबण वाळेपर्यंत तो दोघातिघांच्या नोंदी उरकायचा. तारखा विचारायला सवड कुणाला? गटप्रमुख सांगेल ती तारीख, तीच सगळ्यांची.

त्या मंगळवारी गटप्रमुख तणतणत आत आला.

"माल अडकलाय. तिकडच्या व्यापाऱ्याने नकाशा पाठवलाय. विचारतो, एकोणचाळीस मळे एका सलूनच्या छपरावर कसे?"

खुर्चीतलं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. सलूनवालाही हसला असता, पण बाकावर गटातलीच मिरचीवाली काकू वही घेऊन बसली होती.

"आठ तारखेला फवारलं, बावीसला तोडलं," ती म्हणाली. "फोनबरोबर ही वही दिली होती तुला. उघडलीस?"

"नाही, काकू," सलूनवाला म्हणाला.

"दोन वर्षं खपले तेव्हा माझा मळा निर्यातीच्या यादीत आला. आता परवा नाव कापतील. माझं खरं होतं रे, ते तू खोटं करून टाकलंस."

"त्यात रडायचं काय?" गटप्रमुख म्हणाला. "सगळे फोन पिशवीत घाल, मोटरसायकल काढ, प्रत्येक बांधावर थांबून नव्याने नोंदी मार. नकाशाही खूश, व्यापारीही खूश."

सलूनवाल्याने खरंच पिशवी काढली, फोन भरले. काकूचा उचलायला गेला तर तिने त्यावर हात ठेवला.

"माझा नको. नकाशाला फसवशील, पण ती मिरची कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाणार. ते लेकरू आपलं नाही, म्हणून चालतं?"

सलूनवाल्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने गटप्रमुखाकडे वळून विचारलं, "तुमची खरी तारीख काय? फवारलं कधी, तोडलं कधी?"

"तू दाढी कर."

"तेच करणार. यापुढे तेवढंच." त्याने पिशवी बाकावर पालथी केली. "ज्याचा फोन त्याने न्यावा. नोंदी मी न विचारता भरल्या, हे मी व्यापाऱ्याला आजच कळवतो."

"गटातला एकही माणूस तुझ्या खुर्चीत बसणार नाही, सांगून ठेवतो."

"नका बसू. केस कापले तर महिन्यात वाढतात. नाव कापलं गेलं की बसा वाट बघत."

त्याने भर दुपारी दुकान बंद केलं आणि काकूबरोबर मळा गाठला. बांधावर उभं राहून काकूने आपल्या अंगठ्याने, चुकतमाकत, पुढची फवारणी नोंदवली. सलूनवाल्याने व्यापाऱ्याकडे आपली चूक कबूल केली, सोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवले. व्यापाऱ्याने काकूची मिरची प्रयोगशाळेत तपासून घेतली. ती स्वच्छ निघाली, माल गेला, मळा यादीत राहिला. गटप्रमुखाची मिरची तपासणीत नापास झाली.

पंधरा दिवस सलूनवाला माश्या मारत बसला. मग एकेक जण यायला लागला, दाढीला आणि नोंद शिकायला. सगळ्यांत शेवटी गटप्रमुख आला, केस कानावर आलेले.

"ती नोंद कशी करतात, दाखव," तो पुटपुटला.

"बांधावर येऊन दाखवतो. आधी तारीख आठवा. खरी."

गटप्रमुखाने बोटांवर दिवस मोजले. मग त्याने खरी तारीख सांगितली.

मंडळी, यंत्राला खोटं बोलता येत नाही, ते आपणच त्याला शिकवतो. आपल्या मालाची साक्ष आपणच द्यायची असते, आणि ती आपल्याच बांधावर उभं राहून.